अमेरिकन मराठी मिशन : मिशनऱ्यांचे दैनंदिन जीवन

बॉस्टन येथील ‘अमेरिकन बोर्ड’ (स्थापना १८१०) या संस्थेने मुंबई इलाख्यात पाठविलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची एकोणिसाव्या शतकातील राहणी. आरंभीचे ठाणे मुंबईत होते. १८३१ पासून अहमदनगर हे या कार्याचे मोठे केंद्र बनले.

बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा घर शोधण्याआधी राहण्याची परवानगी मिळवणेच भाग होते. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्याहून निघून जाण्यास फर्मावले होते, त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू झालेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे अर्जविनंत्या चालू असतानाच दोघे गुपचूप निघून कोचीनपर्यंत गेले आणि तेथून परत आणले गेले. ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये मायदेशी परतले, हॉल राहिले.

पहिली वर्षे मराठी शिकण्यात जात. बंगालमधील इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीत छापलेला कोश (१८१०) एवढीच छापील साधने हाताशी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश यायला १८३१ उजाडले. त्यामुळे खरी भिस्त पंडितावर असे. ज्या धर्माचे खंडन करायचे त्याच धर्माच्या शास्त्रीबुवांपुढे रोज शिष्य म्हणून बसायचे, हा या जीवनातला सर्वांत मजेशीर भाग म्हटला पाहिजे. पंतोजीसुद्धा हिंदूच असत. मिशनने १८१५ मध्ये मुंबईत मुलांची आणि १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली, ती त्यांच्याच बळावर.

घरात स्वयंपाकी, पाणक्या, आया, घोडेवाला अशी माणसे लागत. साध्या शेतकरी घरातून आलेल्या न्यू इंग्लंडच्या जोडप्यालाही इथे साहेबी संसार मांडावा लागे, कारण जातीनुसार कामे वाटलेल्या समाजात एकच गडी सगळे करीत नसे. गोमांस खाणाऱ्यांच्या घरचे पाणीही वरच्या जातींना वर्ज्य. बंगल्याच्या व्हरांड्यात वादविवादाला पुष्कळ जण येत, पंगतीला मात्र कोणी बसत नसे. धर्मांतर केलेल्यांना त्यांच्या घरची दारे बंद होत, म्हणून तेही मिशनच्या आवारातच राहायला येत. यातून बंगला, प्रार्थनामंदिर, शाळा आणि ख्रिस्ती वस्ती असे आवार तयार होई; त्याने आसरा दिला, पण गावापासून अंतरही वाढवले.

हिवाळा हा फिरतीचा काळ. तंबू, पुस्तके, औषधांची पेटी बैलगाडीत घालून गावोगाव हिंडायचे आणि बाजाराच्या दिवशी प्रवचन करायचे. नगरला रेल्वे १८७८ मध्ये आली. तोवर मुंबईहून येणे म्हणजे घाट चढून दिवसेंदिवसांचा प्रवास. वडाळ्याचे (ता. नेवासा) सॅम्युएल फेअरबँक या भटकंतीत पक्ष्यांचाही अभ्यास करीत. दक्षिण भारतातल्या पळणीच्या डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे.

आजारपण घरोघर असे. मिशनरी पत्नी हॅरिएट न्यूवेल तर इथवर पोहोचल्याच नाहीत. बाळाला जहाजावर जन्म देऊन व गमावून, १८१२ मध्ये मॉरिशस येथे एकोणिसाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांचे पती सॅम्युएल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले, हॉलही त्याच रोगाने १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या फेरीवरून परतताना वाटेतच गेले. महाबळेश्वरला १८२८ नंतर वस्ती झाल्यावर उन्हाळ्यात तिकडे जाणे रूढ झाले. ॲलन ग्रेव्ह्‌ज तर खालची हवा मानवेना म्हणून तिथेच राहिले आणि १८४३ मध्ये तिथेच निवर्तले.

बायकांचा वाटा अहवालांत पुष्कळदा ‘मिसेस’ एवढ्या उल्लेखात आटोपतो. सिंथिया फॅरार मात्र कोणाची पत्नी म्हणून आल्या नव्हत्या. बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी ही एक १८२७ मध्ये मुंबईत आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत १८६२ मध्ये तेथेच वारली. घरात घुसण्याची मुभा पुरुष मिशनऱ्यांना नव्हती, ती अशा बायकांना मिळाली. जोतीराव फुले यांनी फॅरार यांची नगरची शाळा पाहिली होती.

मुले वाढू लागली की ताटातूट ठरलेली. शिक्षणासाठी त्यांना अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवत, आणि शिडाच्या जहाजांच्या काळात एका पत्राचे उत्तर हाती पडायला निम्म्याहून अधिक वर्ष जाई. कोडाईकनालला १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाल्यावर हा ताण काहीसा हलका झाला. यातलीच काही मुले मोठेपणी इकडे परतली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईचा. येल येथे शिकून ते १८७४ मध्ये परत आले आणि नगरला सुमारे अर्धशतक राहिले.