न चाळलेले पेनी रोल

अमेरिकेच्या एक सेंटच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या 'पेनी'च्या, जुन्या नाण्यांची कागदी गुंडाळी आत काय आहे हे न बघता विकत घेण्याची पद्धत. रोलमध्ये ५० नाणी असतात. दर्शनी किंमत अर्धा डॉलर, विक्रेता घेतो त्याच्या कितीतरी पट. 'न चाळलेला' म्हणजे दुर्मीळ नाण्यांच्या शोधात आजवर कुणी हात न घातलेला. हा निव्वळ दावा असतो आणि पैसे मोजले जातात ते मुख्यतः त्याचेच.

या रोलांत प्रामुख्याने १९०९ ते १९५८ मधले लिंकन सेंट असतात. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी घडवलेल्या या नाण्याच्या पाठीवर गव्हाच्या दोन ओंब्या आहेत, म्हणून त्याचे नाव 'व्हीट पेनी'. १९५९ साली ओंब्या जाऊन लिंकन स्मारक आले. भाव ठरतो तो साल, नाण्याची झीज आणि सालाखालचे बारीक अक्षर यांवर: डी म्हणजे डेन्व्हरची टांकसाळ, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची. फिलाडेल्फियाच्या व्हीट पेनीवर अक्षर नसते.

आशेचे मूळ आकड्यांत आहे. ब्रेनर यांची 'व्हीडीबी' ही आद्याक्षरे पाठीवर असलेली १९०९-एस नाणी निघाली अवघी ४,८४,०००. टीका झाल्यावर ती अक्षरे त्याच वर्षी काढून टाकली गेली. उलट १९४४ साली एकट्या फिलाडेल्फियाने १४३ कोटींहून अधिक सेंट पाडले, म्हणजे त्या एका नाण्यामागे हे जवळजवळ तीन हजार. रोल फोडला की तपकिरी पडलेली चाळीस-पन्नासच्या दशकांतली नाणीच ओंजळभर हाती येतात, ती यामुळे.

विक्रीची सगळी कला रोलच्या दोन टोकांशी असते. कागद दुमडला तरी टोकाचे नाणे दिसते. एका टोकाला १८५९ ते १९०९ मधला 'इंडियन हेड' सेंट, दुसऱ्या टोकाला एस अक्षराचे जुने नाणे, असे रोल सर्रास विकायला असतात. बघणाऱ्याला वाटते, टोकालाच हे, तर आत काय असेल! पण कोरे कागद आणि टोके दुमडण्याचे यंत्र कुणालाही मिळते, आणि पन्नासच्या पन्नास रोलांच्या टोकाला इंडियन हेड योगायोगाने येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसा हा रोल. न फोडता पुढच्याला विकणारेही असतात.

आत खरेच काही निघाले तर परीक्षा तिथून सुरू होते. १९१४-डी हे मोलाचे नाणे. १९४४-डी मधल्या पहिल्या चारचा एक करून ते बनवले जाते. भिंगाखाली बघावे: खोट्या नाण्यात नऊ आणि एक यांच्यामध्ये प्रमाणाबाहेर जागा राहते आणि लिंकनच्या खांद्याच्या कडेला 'व्हीडीबी' असते. ही अक्षरे खांद्यावर आली १९१८ मध्ये, त्यामुळे खऱ्या १९१४-डी वर ती असूच शकत नाहीत. युद्धामुळे १९४३ चे सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे निघाले. त्या सालचे तांब्याचे नाणे अतिदुर्मीळ, पण सापडलेल्या 'तांब्या'ला लोहचुंबक चिकटले की खेळ संपला.

याचा स्वस्त भाऊ म्हणजे बँकेतून दर्शनी किमतीला रोल आणून चाळणे. त्यांत व्हीट पेनी क्वचित सापडते. १९८२ मध्ये धातू बदलला; त्याआधीचा ९५ टक्के तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम, नंतरचा जस्ताचा २.५ ग्रॅम, त्यामुळे तांब्याची नाणी तराजूवर वेगळी काढता येतात. काहीच न निघाले तर पन्नास सेंट परत भरायचे. मुरलेले लोक ते दुसऱ्याच बँकेत भरतात, नाहीतर पुढच्या आठवड्यात आपणच उपसलेला माल पुन्हा आपल्याच पदरात.