आघातोत्तर तणाव विकार : कोकणातील माजी सैनिक

युद्ध, स्फोट, सहकाऱ्याचा मृत्यू अशा जीवघेण्या प्रसंगानंतर जडणारा मानसिक विकार, बोलण्यात ‘पीटीएसडी’. घडलेले पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहणे, त्याची आठवण करून देणारे सारे टाळणे, मन बधिर होणे आणि सतत सावध, चिडचिडे राहणे ही लक्षणे महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचे जगणे विस्कटू लागले, तर हे निदान होते. काहींना त्रास निवृत्तीनंतरच सुरू होतो. पहिल्या महायुद्धात यालाच ‘शेल शॉक’ म्हणत आणि वर भित्रेपणाचा शिक्का मारत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत आजचे नाव १९८० साली आले.

कोकणाचे फौजेशी नाते जुने. १७६८ साली सुरुवात झालेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आणि महार रेजिमेंटमध्ये इथली पोरे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. महाड तालुक्यातल्या एका गावाची तर ओळखच फौजी आंबवडे अशी आहे. श्रीलंकेतली शांतिसेना (१९८७–९०), कारगिल (१९९९), काश्मीरमधली तैनाती पाहून आलेला जवान पेन्शनीत निघाला की आंब्या-काजूच्या बागेकडे वळतो, नाहीतर मुंबईत वॉचमनकी धरतो. वाडीला त्याचा आजार दिसत नाही, दिसते ती दारू आणि संताप. झोप लागावी म्हणून कॅन्टीनची रम सुरू होते आणि तीच पुढे झोप मोडते. घरचे बाधा समजून भगताकडे नेतात, देवळात गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाण्याला कुणाची ना नाही. त्यापायी डॉक्टर लांबला तर मात्र दुखणे मुरते.

बागेतली माकडे हाकायला लावलेला सुतळी बॉम्ब, वळवाच्या पावसाचा गडगडाट, गणपतीतले फटाके यांनी असा माणूस दचकून जमिनीवर आडवा होऊ शकतो. फटाका लावण्याआधी शेजाऱ्याने नुसते सांगितले तरी बराच फरक पडतो. झोपेतून उठवताना अंगाला हात न लावता पायथ्याशी उभे राहून हाक मारावी.

मुख्य उपचार बोलण्याचा. समुपदेशकासमोर तो प्रसंग टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा सांगायचा आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरे जायचे. ही बैठक साधारण आठवड्यातून एकदा, काही महिने चालते. जोडीला सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन या औषधाच्या गोळ्या देतात. बरेच जण यातून सावरतात; काहींची लक्षणे उरतात, पण आटोक्यात राहतात. खरी अडचण दर आठवड्याच्या एसटीची आणि लोक काय म्हणतील याची. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण तिथली पायरी चढलेला माणूस गावात टवाळीचा विषय होतो. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे अश्विनी रुग्णालय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, मराठीतही. फोन बायकोने लावला तरी चालतो.