बंदर आधी, हमरस्ता नंतर: शिडाच्या वाटेवरच्या कोकणी कला

माणसं घेऊन रोज शिडावर चालणाऱ्या होड्या कोकणात आता फार थोड्या उरल्या. मुरूडजवळच्या राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटक नेणाऱ्या होड्या सगळ्यांना ठाऊक आहेत. बाकी किनाऱ्यावर लांबून शीड दिसलं, तर ते बहुधा मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या एखाद्या यॉटचं असतं. ही मंडळी वाटेत नांगर टाकतात, लहान होडीने किनाऱ्याला लागतात, किल्ला बघतात, मासे जेवतात आणि पुढे जातात. एवढ्यावर परतणं म्हणजे देवळात जाऊन फक्त दीपमाळ बघण्यासारखं आहे. कोकणातल्या कितीतरी कला ते आले त्याच वाटेने, म्हणजे समुद्रावरून आल्या आणि खाड्यांच्या आधाराने वाढल्या.

ही वाट जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘सेमिल्ला’ नावाचं बंदर येतं, ते म्हणजे आपलं चौल. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल्-मसूदी तिथे आला, पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितीन तिथेच उतरला. पुढे पोर्तुगिजांच्या काळात चौल रेशमाच्या विणकामासाठी नावाजलेलं होतं. आज चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून चालताना इथे कधीकाळी मागांचा खडखडाट होता, असं सांगूनही पटत नाही. पण खाडीपलीकडच्या कोर्लईत किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली ‘नो लिंग’ ही बोली अजून घराघरांत बोलली जाते. पोर्तुगिजांनी हा मुलूख 1740 मध्ये सोडला, भाषा मागे राहिली.

हे सगळं चालायचं वाऱ्याच्या वेळापत्रकावर. पावसाळ्यात बंदर बंद, होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम उघडायचा. पावसाळा सरला की रोजचा क्रम बसायचा: पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर खाडीबाहेर पडायचं आणि दुपारी खारा वारा भरला की त्यावर पुढचं बंदर गाठायचं. म्हणजे संध्याकाळ आणि रात्र किनाऱ्यावर. आता शेजारी कोकणातल्या उत्सवांचं पंचांग ठेवून बघा. जत्रा सुरू होतात कार्तिकात, शिमगा येतो फाल्गुनात. भातकापणी उरकल्यावर माणसं मोकळी होतात, हे त्याचं पहिलं कारण. पण दर्याही त्याच महिन्यांत मोकळा असतो आणि आजची यॉटही नेमकी त्याच दिवसांत फिरते.

समुद्राने नुसता माल आणला नाही, देवही आणले. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या कनकादित्याची कथा अशी सांगतात: सौराष्ट्राकडून सूर्यमूर्ती घेऊन निघालेलं गलबत गावासमोर अडलं, हलेना. तेव्हा नावाड्यांनी मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत उतरवून ठेवली. ती गुहा म्हणजे आजची देवघळी. देवगडजवळच्या कुणकेश्वराच्या कथेत तर परदेशी मुसलमान व्यापारी आहे. वादळात त्याला दिवा दिसला, तो वाचला आणि त्याने देऊळ बांधलं. या कथांना इतिहासाचा पुरावा म्हणून कुणी उभं करू नये. तरीही देऊळ कुठून आलं या प्रश्नाला गावाने ‘गलबतातून’ असं उत्तर द्यावं, यात कोकणचा स्वभाव दिसतो. कशेळीच्याच सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पंही आहेत, त्यात एक अवाढव्य हत्ती. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशा शिल्पांमध्ये मासे आणि इतर जलचरही कोरलेले आहेत. 2022 मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

खरा ऐवज मात्र दक्षिणेला आहे. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली, तिचे अवशेष गावात उभे आहेत. तिथून आत, घाटाच्या दिशेने सावंतवाडी. इथल्या चितारी घरांनी लाखकाम आणि गंजिफा जपली. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणी जगातून आला, मोगल दरबारात रुळला आणि इथे येऊन दशावतारी झाला: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण 120. पत्ते छापायला लागल्यावर ही कला जवळजवळ बुडाली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागीर बसवून ती सावरली. चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी विकत मिळतात. पण पत्ता रंगवताना बघायचा असेल तर राजवाड्यात जावं.

कुडाळजवळचं पिंगुळी हे दुसरं ठिकाण. ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी. चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही याच घरांतून आला. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या घराच्या अंगणातलं संग्रहालय पाहायला येणाऱ्यांची वर्दळ वाढली.

आणि दशावतार, म्हणजे इथलं लोकनाट्य. त्याच्या जुन्या कंपन्यांची नावं गावांवरून पडलेली आहेत: वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर. वालावल कर्लीच्या खाडीकाठी, मोचेमाडला स्वतःची खाडी. मंडळाचा पेटारा आधी पुजला जातो, मग रात्री उशिरा देवळासमोर आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग: गणपती येतो, सरस्वती येते, वेद पळवणारा संकासुर येतो. त्यानंतरचं आख्यान पहाटेपर्यंत चालतं. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद रंगमंचावरच सुचतात आणि बायकांच्या भूमिका पुरुष करतात. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. तिकीट नसतं. हॉटेलांत पाहुण्यांसाठी अर्ध्या तासाचा दशावतार ठेवतात, तो न बघितलेला बरा.

मग हे सगळं आडबाजूला कसं पडलं? एक कारण गाळ. राजापूरला 17व्या शतकात जहाजं नदीतून थेट आत येत, इंग्रजांनी तिथे वखार घातली आणि शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ती मारली. आज त्या नदीत होडी जायची मारामार. दुसरं कारण वाफ. आंग्र्यांचं आरमार 1756 मध्ये विजयदुर्गाला जळालं, तरी मालवाहू गलबतं पुढेही चालत राहिली. मंगळुरी कौलं कोकणात पसरली ती त्यांच्यातूनच. प्रवासी मात्र आगबोटीकडे वळले. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. ती जखम कित्येक घरांत पुढच्या पिढीपर्यंत ओली होती. पुढे रस्ते सुधारले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि प्रवासाची वाट समुद्रापासून आत सरकली. जुन्या बंदरांची गावं एसटीच्या शेवटच्या थांब्यावर राहिली.

म्हणूनच शिडाने येणाऱ्याला एक सोय आपोआप मिळते. तो हमरस्त्यावरून नाही, गावाच्या जुन्या दारातून आत येतो. होडी वेंगुर्ल्याला किंवा मालवणला ठेवून सावंतवाडी, पिंगुळी एका दिवसात होतात. शिमग्यात उत्तरेकडे, रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात असाल तर पालखी घरोघर फिरताना दिसेल. शिमग्यात नाचत फिरणाऱ्या नमन-खेळ्यांचा संकासुर काळे कपडे, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावून अंगणात नाचेल. दशावतारातल्या संकासुराशी त्याचं नातं काय, यावर गावकऱ्यांना बोलतं करावं, रात्र पुरत नाही. पालखीचे दिवस गावागणिक वेगळे असतात आणि छापील कॅलेंडरात ते सापडत नाहीत. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, विचारलं, तर तो देवळाचं नाव, पालखी कधी उठते ती वेळ आणि वाटेतलं कुणाचं अंगण मोठं, हे सगळं सांगतो.