पुठ्ठ्याला चिकटलेली पाल

दोन रात्री कुणीतरी ओट्याखालच्या टोपलीतले बटाटे कुरतडत होतं. तिसऱ्या रात्री मी कोपऱ्यावरच्या दुकानातून उंदीर धरायचा चिकट पॅड आणला, पुस्तकासारखा उघडला आणि सिलिंडरमागे सरकवला. सकाळी त्यावर तीन झुरळं होती, एक पाल होती आणि करड्या केसांचा एक छोटा झुपका होता. उंदीर येऊन, टेकून, केस सोडून निघून गेला होता. पाल मात्र जिवंत होती. शेपूट कधीच टाकून झाली होती. चारही पाय आणि पोट गोंदात रुतलेलं.

मला दयेच्या आधी नवल वाटलं, हे कबूल करतो. जी काचेवर उलटी धावते, छताला लटकून पतंग धरते, ती चिकटण्याच्या कलेतली उस्ताद. तीच चिकटून बसावी?

पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांवर लाखो बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे. गोंद नाही, चिकट घाम नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली अशा एकेका केसाची ओढ मोजली आणि 2002 साली दाखवून दिलं, की ही ओढ व्हॅन डर वाल्स बलाची आहे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्या रेणूंमध्ये जी क्षीण ओढ निर्माण होते, ती. एका केसाला ती नगण्य, लाखो केसांना भरपूर. यातली खरी करामत चिकटण्यात नाही, सुटण्यात आहे. पाल बोट टोकाकडून वर गुंडाळते, केसाचा भिंतीशी असलेला कोन साधारण 30 अंशांच्या पुढे गेला की तो आपोआप सुटतो, आणि हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं.

पॅडवरही बहुतांशी तेच व्हॅन डर वाल्स बल काम करतं. फरक इतकाच, की भिंत जागची हलत नाही आणि पॅडवरचा गोंद वाहतो. तो केसांच्या फाट्यांमध्ये शिरतो, बोटाला चहूबाजूंनी वेढतो. मग कोन बदलून सुटायचं तरी कुठून?

हा गोंद आपल्या ओळखीचा नव्हे. लाकूड चिकटवायचा पांढरा गोंद त्यातलं पाणी उडालं की वाळतो, कडक होतो आणि मग धरतो. पॅडवरच्या गोंदात उडून जाण्यासारखं काही नसतंच. पॉलीब्युटीनसारखे लांब साखळ्यांचे रेणू किंवा कृत्रिम रबर आणि त्यात मिसळलेलं राळेसारखं काहीतरी. तो ना धड द्रव, ना धड घन. हळू दाबला तर मधासारखा पसरतो, झटका दिला तर रबरासारखा ताणतो. चिकटपट्ट्या बनवणाऱ्या कंपनीतले कार्ल डाल्क्विस्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात एक साधा निकष मांडला होता: नुसत्या स्पर्शाने चिकटायचं असेल तर पदार्थ एका मर्यादेपेक्षा मऊ हवा, म्हणजे तो समोरच्या पृष्ठभागाच्या खाचाखोचांत आपणहून शिरेल. पॅडवरचा गोंद या मर्यादेहून कितीतरी मऊ आहे.

आता उंदराचं पाऊल पडतं ते बघा. पाऊल टेकतं सावकाश, तेव्हा गोंद द्रवासारखा वागतो आणि बोटांमध्ये, केसांमध्ये शिरतो. उंदीर दचकून पाय ओढतो तो झटक्याने, तेव्हा तोच गोंद रबर होतो. त्याच्या तारा निघतात, तारा लांबतात आणि उंदराची सगळी ताकद त्या तारा ताणण्यातच खर्ची पडते. मग जोर लावायला दुसरा पाय टेकवायचा, तो अडकतो. तोल जातो, कूस टेकते, हनुवटी टेकते. उंदराला तेवढं भौतिकशास्त्र ठाऊक असतं आणि त्याने पाय अगदी सावकाश उचलला असता, तर कदाचित थोडी आशा होती. घाबरलेला प्राणी सावकाश काही करत नाही.

युक्ती जुनीच आहे. युरोपात अमरवेलीसारख्या परजीवी मिसलटोच्या फळांपासून चिकट लगदा करून फांद्यांना फासत आणि पक्षी धरत. त्या झाडाचं आणि लगद्याचं लॅटिन नाव ‘विस्कुम’. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘व्हिस्कॉसिटी’ हा शब्द त्यावरूनच आला.

तर मग माझा उंदीर सुटला कसा? पॅड सिलिंडरमागे असला तरी वर पोळपाट होता. पिठाची धूळ बसली की पृष्ठभागावर कोरडा थर तयार होतो आणि गोंद मुका होतो. थंडीत तो घट्ट होतो, कडक उन्हाळ्यात पातळ होऊन कडेला ओघळतो. फोडणीचा तेलकट थर हा तर त्याचा शत्रूच. शिवाय ‘उंदीर’ या एका शब्दात आपण बरेच जण कोंबतो. घरातला छोटा उंदीर जेमतेम 20 ग्रॅमचा आणि चौकस, नवी वस्तू दिसली की जाऊन हुंगणारा. छपरातून, वायरींवरून फिरणारा काळा उंदीर त्याच्या सात-आठ पट वजनाचा आणि संशयी. ओळखीच्या वाटेवर काल नव्हतं ते आज दिसलं, की तो काही दिवस वळसा घालून जातो. घूस किलोच्या आसपास जाऊ शकते. ती पॅडला चिकटत नाही, पॅड तिला चिकटतो आणि तिच्याबरोबर गटारात जातो.

आणि चिचुंद्री तर उंदीरच नव्हे. ती कीटकभक्षी, झुरळं खाणारी, तुमच्या बटाट्यात तिला रस नाही. पण नजर अधू असल्यामुळे तीही उंदरासारखीच भिंतीला अंग घासत चालते. उंदीरही मिशांनी आणि कुशीवरच्या लांब केसांनी भिंत चाचपत जातात, उघड्या फरशीवर त्यांना असुरक्षित वाटतं. म्हणूनच पॅड भिंतीलगत ठेवायला सांगतात. भिंतीलगत जो जो चालतो तो तो त्यावर येतो. पाल, चिचुंद्री, बेडूक, खिडकीतून आत आलेली चिमणी. गोंदाला निवड करता येत नाही.

पालीचं पुढे काय झालं ते सांगतो. पाणी निरुपयोगी, कारण हा गोंद पाण्यात विरघळत नाही. तेलात विरघळतो, दोघांचे रेणू एकाच जातीचे. मी गोडेतेल कापसाने एकेका पायाभोवती सोडत गेलो. वीस-पंचवीस मिनिटं लागली. ओढलं नाही, नाहीतर कातडी पुठ्ठ्यावर राहिली असती. सुटली तेव्हा तेलात माखलेली होती, भिंतीवर चढता येईना. खोक्यात ठेवून बाहेर कुंडीमागे सोडली. तिचं पुढचं मला माहीत नाही. रॉकेल मात्र अशा कामाला वापरू नका, ते प्राण्याच्या कातडीतून आत जातं.

पॅडच्या वेष्टनावर लिहिलेलं नसतं ते हे, की तो उंदीर मारत नाही. धरून ठेवतो आणि मारायचं काम तुमच्यावर सोपवतो. बहुतेक घरांत ते काम कुणालाच नको असतं. मग पुठ्ठा दुमडून कचऱ्याच्या पिशवीत जातो आणि आत तो प्राणी तासन्तास, कधी दिवसभराहून अधिक जिवंत राहतो. तहानेने, थकव्याने किंवा नाक गोंदात गेलं तर गुदमरून मरतो. काही स्वतःचा पाय चावून तोडायला बघतात. बादलीत बुडवणं हा सौम्य उपाय अजिबात नाही, उंदीर पट्टीचे पोहणारे असतात. चिकटलेला उंदीर सापडलाच, तर डोक्यावर एकच जोरदार फटका हा त्याच्यासाठी त्यातल्या त्यात कमी यातनेचा शेवट. वाचायला वाईट वाटतं. पॅड विकत घेताना याचा विचार केला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या सकाळी वाटलं.

दया बाजूला ठेवली तरी आरोग्याचा हिशेब उरतो. भेदरलेला उंदीर मुततो, आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, नेमकं याच कारणासाठी चिकट पॅड वापरू नका असं सांगते. लेप्टोस्पायरा हे जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात आणि लघवीतून बाहेर पडतात. जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची जी साथ आली, ती या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून अनवाणी चाललेल्यांना चांगली ठाऊक आहे. आपल्याकडे त्याहून जुनी आठवणही आहे. 1896 साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला, तेव्हा ‘घरात उंदीर पडला’ एवढे शब्द घर सोडायला पुरेसे असत. त्यामागचं शास्त्र लोकांना माहीत नव्हतं, निरीक्षण अचूक होतं. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत पिसवांचा धागा जोडला: उंदीर मरून थंड पडला की पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात. मेलेला उंदीर पॅडसकट उचलताना हातमोजे घालायचे आणि आधी त्यावर जंतुनाशक फवारायचं, ते यासाठी.

न्यूझीलंडने 2015 पासून या पॅडच्या विक्री-वापरावर बंधनं घातली, वेल्समध्ये 2023 पासून बंदी आहे, इंग्लंडमध्ये जुलै 2024 पासून परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे. भारतात प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना या पॅडविरुद्ध पत्रं पाठवली, अनेक राज्यांनी परिपत्रकं काढली. माझ्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती पोचलेली दिसत नाहीत.

पण समजा कायदा नाही, दया नाही, लेप्टोही नाही. तरीही मी पॅडवर पैसे घालणार नाही आणि त्याचं कारण बाल्टिमोरमध्ये सापडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या या शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कर्ट रिक्टर यांनी ‘आन्टु’ नावाचं नवं विष घेऊन गल्लीगल्लीत उंदरांविरुद्ध मोहीम काढली. उंदीर ढिगाने मेले. काही महिन्यांनी पुन्हा तितकेच झाले, आणि उरलेले त्या विषाला तोंडही लावेनात. मग तिथेच काम करणाऱ्या डेव्हिड डेव्हिस यांनी प्रश्न उलटा विचारला: एका गल्लीत उंदीर किती असू शकतात, हे कोण ठरवतं? उत्तर निघालं, ती गल्ली. तिथला उघडा कचरा, मोडकी कुंपणं, फरशीखालच्या पोकळ्या. जितकं अन्न आणि आसरा, तितके उंदीर. मारून रिकामी केलेली जागा उरलेल्यांच्या पिल्लांनी भरते. कचरा झाकला, मोडतोड हलवली, तेव्हा संख्या घटली आणि घटलेलीच राहिली.

घरातल्या उंदराचा हिशेब केला की हे पटतं. मादीचा गर्भकाळ तीन आठवड्यांचा, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि व्याल्यावर दिवसभरात ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सुमारे दोन महिन्यांत स्वतः वितात. माझ्या पॅडची गती एका रात्रीत शून्य उंदीर अशी होती.

म्हणून मी पेन्सिल घेऊन ओट्याखाली आडवा झालो. छोट्या उंदराला 6-7 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल आत जाते तिथून तो जातो. माझ्या स्वयंपाकघरात अशा पाच जागा निघाल्या. सिंकच्या पाइपाभोवती, गॅसची नळी भिंतीतून जाते तिथे, मागच्या दाराच्या खाली... कापूस, लाकूड, पॉलिथीन कोंबून उपयोग नसतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यांच्या आवरणात लोहाचा अंश असतो (म्हणून ते नारिंगी दिसतात), आणि ते ॲल्युमिनियमहून कठीण असतात. भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी मात्र त्याला सोसत नाही. तारा दातांत अडकतात. घासणी घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट लिंपायचं. दाराखाली पत्र्याची पट्टी, मोरीच्या जाळीला बारीक भोकं. बटाटे डब्यात.

आत राहिलेल्यासाठी स्प्रिंगचा चाप आणला. तो नेम चुकला नाही तर मानेवर पडतो आणि काम क्षणात संपतं. आमिष म्हणून शेंगदाणा-गुळाची चिक्की, चण्याएवढीच. मोठा तुकडा तो कडेने ओढून नेतो. आमिषाचं टोक भिंतीकडे. काळा उंदीर असेल तर चार दिवस चाप न ताणताच ठेवावा, सवय होऊ द्यावी. पिंजऱ्यात धरून पुलापलीकडे सोडणाऱ्यांची गंमत वाटते, ते आपला उंदीर दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवतात.

चाप तिसऱ्या रात्री वाजला. सिमेंट आणायचा मात्र मी आळस केला होता, सिंकमागच्या भोकात नुसती घासणीच होती. आठवड्याने बॅटरी मारून पाहिली. घासणीच्या दोन तारा बाहेरच्या बाजूला ओढलेल्या होत्या. पलीकडून कुणीतरी प्रयत्न करून गेलं होतं.