अंगणातली फरशी का हलते?

घरामागे चार खुर्च्या मांडण्यापुरती फरशी स्वतः घालायची ठरली, की बहुतेक जण आधी फरशी निवडायला दुकान गाठतात. माझ्या मते आधी कुदळ घ्यावी आणि वीतभर खणून खाली कोणती माती लागते ते पाहावं.

महाराष्ट्राच्या पठारावर ती बऱ्याच ठिकाणी काळी निघते. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे. पावसाळ्यात या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे रेणू शिरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते आणि भेगाळते. शिवाय ती सगळीकडे सारखी फुगत नाही. मोठ्या झाडाजवळ मुळं पाणी ओढून घेतात, तर पागोळ्यांखाली माती भिजून जाते. मग फरशीचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि सिमेंटचा सांधा तडकतो. यात फरशीचा काहीच दोष नसतो.

म्हणून निदान वीतभर काळी माती मुळांसकट काढून टाकायची आणि तिथे मुरूम, म्हणजे झिजलेल्या खडकाची भरड माती, भरायचा. काळी माती खोलवर असेल तर हालचाल पूर्ण थांबणार नाही, पण सगळ्यात जास्त ओला-कोरडा होणारा वरचा थर तरी निघून जातो.

मुरूम एकदम ओतू नका. चार-पाच बोटांचा थर पसरा, पाणी शिंपडा, धुम्मस करा, म्हणजे जड ठोकणीने ठोकून दाबा, मग पुढचा थर. पाणी किती घालायचं, यावर अमेरिकन अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये लिहिलं. माती कोरडी असली की कण एकमेकांना घासून अडतात. थोडा ओलावा मिळाला की ते सरकून पोकळ्या भरतात. पाणी जास्त झालं तर तेच पोकळ्यांत अडकून बसतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. मूठभर मुरूम आवळून पाहा: गोळा व्हायला हवा, तळहात ओला होता कामा नये, आणि टिचकी मारली की गोळ्याचे दोन-चार तुकडे व्हावेत.

उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. तो लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासा. दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीला राहतं. मात्र पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं.

मुरमावर तीन-चार सेंटिमीटर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्यावर शहाबादी फरशी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडक थराथरांनी निघतो, त्यामुळे त्याची जाडी कमी-जास्त असते आणि तो फरक कचीत सामावतो. रबरी हातोड्याने ठोकत बसवा. पोकळ वाजली तर फरशी उचला, कच सारखी करा, पुन्हा बसवा. चुनखडक असल्यामुळे डाग काढायला अ‍ॅसिड मात्र वापरू नका. फेस येतो तो दगडच विरघळत असतो.

काळ्या मातीवर सांधेही मी कचीनेच भरेन. पहिल्या पावसाळ्यानंतर एखादी फरशी खचली, तर पहारीने उचलून खाली मूठभर कच सारता येते. सिमेंटात पक्की केलेली फरशी उचलताना बहुधा फुटतेच.