विलीज आणि फोर्ड जीपच्या इंजिनाचे मूळ नट-बोल्ट ओळखणं

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं इंजिन रिस्टोअर करताना त्यावरचा कुठला बोल्ट, नट, स्टड किंवा वायसर फॅक्टरीतून आलेला आहे आणि कुठला नंतर कुणीतरी हाताला लागला म्हणून ठोकलाय, हे ठरवायचं काम. सगळ्याच जुन्या गाड्यांना हे करावं लागतं, पण जीपच्या बाबतीत यातून खूप काही सापडतं, कारण एकच गाडी दोन कंपन्यांनी बनवली होती. टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने एमबी आणि फोर्डने तिचीच जुळी जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून सहा लाखांच्या वर गाड्या 1945 पर्यंत बाहेर पडल्या. अमेरिकन लष्कराची अट अशी की कुठलाही पार्ट कुठल्याही गाडीला बसला पाहिजे. त्यामुळे लांबून दोन्ही इंजिनं सारखीच दिसतात आणि फरक बारीकसारीक गोष्टींत शोधावा लागतो.

इंजिन एकच, गो डेव्हिल. चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह (म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, सिलिंडरच्या बाजूला), 134 घन इंच म्हणजे सुमारे 2.2 लिटर, 4000 आरपीएमला 60 हॉर्सपॉवर. विलीजचे चीफ इंजिनिअर बार्नी रूस यांनी कंपनीच्याच जुन्या इंजिनावर मेहनत घेऊन ते इथवर आणलं. महायुद्धातल्या या इंजिनात कॅमशाफ्ट टायमिंग चेनवर चालतो. युद्धानंतरच्या सिव्हिलियन जीपमध्ये पुढे चेन जाऊन गिअर आले, म्हणून पुढचं कव्हर उघडल्यावर आत गिअर दिसले तर नट-बोल्टची चिकित्सा करण्याआधी ब्लॉकच, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडाच, कुठल्या काळातला आहे ते बघावं लागतं.

सगळ्यात प्रसिद्ध खूण म्हणजे बोल्टच्या डोक्यावरचा एफ. फोर्डच्या लोगोत जसा वळणदार एफ आहे अगदी तसाच, आणि तो फक्त बोल्टवर नाही तर ब्रॅकेट, कास्टिंग, छोट्या छोट्या पार्टवर पण असतो. कारण असं सांगतात की पार्ट खराब निघाला तर तो आपला की विलीजचा हे फोर्डला कळायला हवं होतं. पण एफ दिसला की ओरिजिनल आणि नाही दिसला की नकली, असं सरळ नसतं हे नीट लक्षात ठेवायला हवं. फोर्डने बाहेरच्या कारखान्यांकडून घेतलेले, एफ नसलेले स्टँडर्ड बोल्ट पण वापरलेत. दुसरं म्हणजे आता एफवाले बोल्ट नवीन बनवून विकले जातात आणि ते चांगले असतात, मेहनतीने केलेले असतात, फक्त ते 1943 चे नसतात. म्हणून बोल्ट कुठला आहे यापेक्षा तो कुठे बसलाय आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे हे जास्त बोलतं.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, ऑइल फिल्टरच्या मागच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो, सुरुवातीला एमबी किंवा जीपीडब्ल्यू अशी अक्षरं. फोर्डच्या गाडीत हा नंबर आणि चासीवरचा नंबर मुळात एकच असायचा, विलीजमध्ये मात्र दोन्ही वेगळे, त्यामुळे एमबीचे नंबर जुळत नाहीत म्हणून कुणी भाव पाडायला लागलं तर ते चूक आहे. फोर्डच्या इंजिनाला साधारण करडा रंग आणि विलीजच्या इंजिनाला ऑलिव्ह ग्रीन. हा रंग बोल्टच्या डोक्याच्या, वायसरच्या कडेला शिल्लक राहतो. बोल्ट काढल्यावर खाली स्वच्छ गोल कडा आणि तिच्याबाहेर हा मूळ रंग दिसला तर तो बोल्ट पेंटच्या वेळी तिथेच होता. म्हणून इंजिन खोलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे आणि प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. सगळं एका डब्यात टाकून डिझेलमध्ये भिजत घातलं की अर्धी माहिती तिथेच गेली, आणि वायर ब्रश किंवा सँडब्लास्टिंगने डोक्यावरची खूण गेली तर ती परत येत नाही.

बाहेरून लावलेल्या वस्तूंवर नावं आणि नंबर असतात, ते वाचायचे. कार्बोरेटर कार्टर डब्ल्यूओ, नंबर 539एस, वर छोटीशी पितळी पट्टी स्क्रूखाली अडकवलेली, जी बहुतेक वेळा हरवलेलीच असते. डिस्ट्रिब्युटर ऑटो-लाइटचा आयजीसी 4705, सगळं वायरिंग 6 व्होल्टचं. 12 व्होल्टचा डायनॅमो दिसला तर तो बहुतेक नंतरचा. सगळ्यात खात्रीचा आधार म्हणजे लष्कराची स्वतःची पुस्तकं, म्हणजे टीएम (टेक्निकल मॅन्युअल) 9-803, इंजिन आणि क्लचसाठी टीएम 9-1803ए आणि पार्ट लिस्ट जी-503, ज्यात विलीजचे आणि फोर्डचे पार्ट नंबर शेजारी शेजारी दिलेत.

आता मापं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. हे सगळे बोल्ट इंचातले आहेत, अमेरिकन नॅशनल फाइन (बारीक आटे) आणि कोर्स (जाड आटे), आट्यांचा कोन 60 अंश. आपल्या गॅरेजच्या भाषेत अडीच सुताचा बोल्ट म्हणजे 5/16 इंच, 7.94 मिलिमीटर. मेट्रिकचा एम 8 त्याच्या इतका जवळ आहे की बाहेर हातात धरून फरक कळत नाही. फाइन आट्याला इंचात 24 आटे, तर एक मिलिमीटर पिचच्या (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) एम 8 ला 25 च्या थोडे वर, म्हणजे बोल्ट सुरुवातीला दोन-तीन आटे हाताने आरामात जातो, मग अडतो, आणि मग पाना लावून जोर दिला की ब्लॉकचे आटे मेले. पानाही सांगतो: अडीच सुताच्या बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, 12.7 मिलिमीटर, तेराचा पाना त्यावर ढिला बसतो आणि कोपरे गोल करून टाकतो. कोपरे गोल झालेला बोल्ट मिळाला तर तो मेट्रिक पान्याने छळलेला मूळ बोल्ट असण्याची शक्यता चांगलीच आहे, उगाच फेकू नये. पिच गेज दीडदोनशे रुपयांत मिळतो, तो लावल्याशिवाय एकही बोल्ट परत घालू नये.

भारतात हा विषय जरा गुंतागुंतीचा होतो. युद्धानंतर इथे राहिलेल्या जीप डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या, आणि 1940 च्या दशकाच्या शेवटी महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-3बी हे सिव्हिलियन मॉडेल आलं, त्याच्यात हरिकेन इंजिन, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला, म्हणून उंचीने मोठं. पण खालचा बराच भाग गो डेव्हिलशी मिळताजुळता असल्यामुळे पार्टची अदलाबदल सर्रास झाली, आणि पुष्कळ जीपमध्ये तर पेट्रोल काढून डिझेल इंजिनच बसवलं गेलं. त्यामुळे चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात मिळालेलं इंजिन बहुतेक वेळा तीन-चार काळांचं मिश्रण असतं. युद्ध चालू असतानाच लष्कराच्या डेपोंमध्ये इंजिनं ओव्हरहॉल होऊन फोर्डचं विलीजमध्ये आणि उलट जायचं, ते मिश्रण मात्र त्या गाडीचा खरा इतिहास आहे आणि माझ्या मते ते तसंच ठेवावं, सगळे एफवाले बोल्ट विकत आणून ते पुसू नये.

फिनिशचं पण बघावं लागतं. मूळ बोल्टवर काळपट फॉस्फेट किंवा कॅडमियम, तर आत्ताच्या बाजारू बोल्टवर निळसर किंवा पिवळं चकचकीत झिंक, दुरूनही ओळखू येतं. कॅडमियम विषारी आहे, त्यावर गॅस मारणं किंवा कोरडा वायर ब्रश चालवणं टाळायचं. कडक पोलादाचे बोल्ट प्लेटिंगला दिले तर ॲसिडमुळे हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात, म्हणून प्लेटिंगनंतर लगेच सुमारे 190 अंश सेल्सिअसला काही तास भाजावे लागतात आणि हे प्लेटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवायचं. कनेक्टिंग रॉड आणि मेन बेअरिंगचे बोल्ट मात्र खूण कितीही सुंदर असली तरी चिराळले किंवा ताणले असतील तर परत घालायचे नाहीत, तिथे योग्य ताकदीचे नवीन बोल्ट लावून जुने बोल्ट जागेचं नाव लिहून गाडीच्या फाइलसोबत जपून ठेवतात.