नऊ माळांचा उपास आणि दसऱ्याचं पहिलं ताट

आमच्या आत्तीचं नवरात्र सगळ्या गल्लीला माहितीय. सांगलीत गावभागातल्या घरी घट बसले की नऊ दिवस नुसतं पाणी आणि दोन वेळा कोरा चहा, तोही बिनसाखरेचा, बास. साबुदाणा नाही, वरई नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही. वय 62, अंगानं किरकोळ, वजन 42 किलो. तीन वर्षांपूर्वी नऊच्या नऊ माळा ती व्यवस्थित चालती-फिरती होती, देवीची आरती उभी राहून म्हणायची, आणि दसऱ्याला दुपारी दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात असं मनसोक्त जेवली आणि संध्याकाळपासून हातापायातली ताकदच गेली. आम्हाला वाटलं नऊ दिवसांचा अशक्तपणा असणार, म्हणून आम्हीच हट्ट करून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावून आणली. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, छातीत धडधडायला लागलं, रात्री मिरजेला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी नाडी धरल्या धरल्या एकच विचारलं, उपास किती दिवसांचा होता आणि सोडला कधी? रक्त तपासलं तर फॉस्फेट नावाचा क्षार फार खाली गेलेला.

आत्ती बरी झाली, पण तेव्हापासून मी हा विषय धरून बसलोय. कारण आपल्याकडं सगळी काळजी उपास चालू असताना घेतात, चक्कर येतीय का, झेपतंय का, आणि खरा धोका असतो तो सोडल्यानंतरच्या चार-पाच दिवसात, जेव्हा घरातले सगळे निर्धास्त झालेले असतात.

आधी भुकेचं बघू. पहिल्या माळेला शरीर लिव्हरमध्ये साठवलेल्या साखरेवर चालतं, ती साधारण 100 ग्रॅम असते आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला 120 ग्रॅमच्या आसपास साखर लागते, म्हणजे एका दिवसात तो डबा जवळजवळ रिकामा. मग स्नायूंमधलं प्रोटीन मोडून साखर बनवायचं काम वाढतं आणि चरबी जाळून किटोन तयार व्हायला लागतात. दुसरी आणि तिसरी माळ सगळ्यात अवघड जाते ती यामुळंच, जुनं इंधन संपलेलं असतं आणि नवीन अजून पुरेसं आलेलं नसतं. डोकं दुखतं, चिडचिड होते, थंडी वाजते. चौथ्या-पाचव्या माळेपासून मेंदू किटोनवर बराच भागवायला लागतो आणि भूक आपोआप मंदावते. तोंडाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो तो या किटोनमधल्याच अ‍ॅसिटोनचा. आत्ती म्हणायची, पाचव्या माळेनंतर देवीच सांभाळते. तिला आतून जे जाणवायचं ते खरंच होतं.

भुकेची आणखी एक गंमत म्हणजे ती सारखी वाढत जात नाही, कळ यावी तशी येते आणि ओसरते. जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधलेलं, आणि ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतं. म्हणजे तुम्ही रोज एकला जेवत असाल तर उपासातही एकलाच पोट ओरडणार, आणि काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळानं ती कळ खाली बसणार. म्हणून त्या वेळेला स्वयंपाकघरात थांबू नये, घरच्यांनीही समोर फोडणी देऊ नये, सरळ कृष्णेच्या घाटावर हळूहळू एक चक्कर मारून यावी किंवा पडून राहावं. चहात दर वेळी साखर घातली तर किटोन नीट जोर धरत नाहीत आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची तगमग लांबत जाते.

आणि मीठ. याच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. खाणं थांबलं की इन्सुलिन उतरतं, आणि इन्सुलिन उतरलं की किडनी मीठ आणि पाणी भराभर बाहेर टाकते. पहिल्या दोन दिवसात वजन जे झरकन उतरतं त्यात पाणीच जास्त असतं, चरबी थोडी. उठल्यावर डोळ्यासमोर अंधारी येते तीही यामुळंच. उपासाला चालत असेल आणि बीपी-किडनीचा त्रास नसेल तर पाण्यात चिमूटभर सैंधव घालून घ्यावं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं मीठ सोडाच, गोळीचं काय करायचं हे डॉक्टरला विचारल्याशिवाय उपासच धरू नये. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर जास्तच, काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक इतकी खाली जाते. गरोदर बायका, रोज दारू पिणारे, किडनीचे पेशंट यांनी असल्या लांब उपासाच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दसऱ्याच्या ताटाकडं येऊ. नऊ दिवस शरीर चरबीवर चाललेलं असतं, त्या काळात पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू झिजत जातं पण रक्तातला आकडा मात्र नॉर्मल दिसतो. मग अचानक पुरण, गूळ, भात पोटात जातो, इन्सुलिन उसळतं, आणि इतके दिवस उपाशी असलेल्या पेशी साखरेबरोबर हे तिन्ही क्षार रक्तातून ओढून घेतात. साखर वापरायच्या पहिल्याच पायरीला फॉस्फेट लागतं, शरीराची जी चलनी ऊर्जा, एटीपी, तीही फॉस्फेटवरच बनते. म्हणजे पोटात अन्न आहे आणि हृदयाला, छातीच्या स्नायूंना ताकद नाही अशी अवस्था. त्यात साखर जाळायला लागणारं बी1 जीवनसत्त्व आधीच कमी झालेलं, ते आणखी संपतं आणि त्याचा मार मेंदूवर बसतो. वर इन्सुलिन किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतं, म्हणून पाय सुजतात. आत्तीला आम्ही जी नुसती ग्लुकोजची बाटली लावली ती या सगळ्यात भर घालणारी होती. अशा माणसाला ग्लुकोज देण्याआधी बी1 द्यायचं असतं. हे आम्हाला माहिती नव्हतं आणि दवाखान्यात उपासाचा विषय आम्ही काढलाही नाही, ही चूक आमचीच.

डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी छावण्यांमधून सुटलेली उपाशी माणसं पोटभर खायला मिळाल्यावर दगावली, तिथून याचा नीट अभ्यास सुरू झाला. अमेरिकेत मिनेसोटाला 1944-45 मध्ये 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून प्रयोग झाला होता, त्यात दिसलं की खाणं परत सुरू केल्यावर पोट तुडुंब भरलं तरी त्यांची भूक भागतच नव्हती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपण म्हणतो ना, भूक आहे तर खाऊ दे की पोटभर, तर उपासानंतर भूक हे मापच धरायचं नसतं, माप बाहेरून घालून द्यायला लागतं.

ते माप काय? ब्रिटनमध्ये 2006 पासून एक नियमावली आहे, 5 दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्यापेक्षा जास्त द्यायचं नाही, आणि माणूस आधीच किरकोळ असेल तर किलोमागं दिवसाला 10 कॅलरीपासून सुरुवात करून चार ते सात दिवसात वाढवायचं. आत्तीचा हिशोब 420 कॅलरी, आख्ख्या दिवसाचा. तुपासकट दोन पुरणपोळ्यातच तो ओलांडला होता.

आमच्या शेजारी मारवाडी कुटुंब आहे, तिथल्या भाभी पर्युषणात, म्हणजे जैनांच्या उपासाच्या पर्वात, अठाई करतात, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. त्यांचं पारणं मी मुद्दाम बघितलं. मुगाचं पातळ पाणी, तेही वाटीभर, मग बऱ्याच वेळानं थोडी पातळ राब, म्हणजे पिठाची पेज, गोडधोड काही दिवस लांबच. मला विचाराल तर आपल्या नवरात्राला नेमकी हीच सवय नाही, आपल्याकडं उपास सुटतो तो थेट सणाच्या ताटावर.

उपास सोडल्यावर पहिल्या चार-पाच दिवसात छातीत धडधड, धाप, पायाला सूज, गोंधळल्यासारखं बोलणं, चालताना झोक जाणं यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, आणि दवाखान्यात आधी सांगा की इतके दिवस उपास होता, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासा. हे सांगितलं नाही तर नुसता अशक्तपणा म्हणून बाटली लागते.

आत्तीला आम्ही उपास सोड म्हणून सांगितलं, तिनं ऐकलं नाही, पण डॉक्टरांचं ऐकून नऊचे दोन दिवस केले, उठता-बसता. तेवढ्यावरही दसऱ्याला ती वाटीभर मुगाचं पाणी आणि संध्याकाळी मऊ भात-ताक एवढंच घेते, दुसऱ्या दिवशी जरा जास्त, तिसऱ्या दिवशी भाकरी. पुरणाचा नैवेद्य देवीला दसऱ्यालाच होतो, आम्ही सगळे जेवतो. तिची पोळी कोजागिरीला.